उघड्या गाडीचा पट्टा

“पट्टा लावल्याशिवाय मी गाडी गिअरमध्ये घालणार न्हाई,” मी म्हटलं, आणि गाडीच्या पूजेला जमलेली उद्यमनगरातली, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीतली, माणसं माझ्याकडे बघायला लागली.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, माझ्या डाव्या हाताला लाल रेक्झिनच्या सीटवर नवरदेवासारखे बसले होते. डोक्याला फेटा, मांडीवर शाल, कपाळावर कुंकवाचं बोट. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मग हितंच बसू,” ते समोर बघत म्हणाले. “मला काय घाई न्हाई.”

लोक हसले. सुनेनं चारचौघांत सासऱ्याला असं बोलावं हे आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, मुळीच रुचलं नाही. त्यांनी डोळे वटारले. पण माझाही नाइलाज होता. मी तेव्हा कोल्हापुरात बायकांचा ड्रायव्हिंग क्लास चालवत होते. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी पट्टा, हा माझा पहिला धडा. माझ्या विद्यार्थिनी माझ्या पाठीमागे मला ‘पट्टेवाली’ म्हणायच्या आणि मला ते ठाऊक होतं. बाहेर जगाला शिकवायचं आणि घरच्या गाडीत सासऱ्याला मोकळं बसवून न्यायचं, हे मला जमणारं नव्हतं.

गाडी मामंजींनीच बनवलेली. विलायती नव्हे, विलायतीसारखी. तरुणपणी त्यांनी कुणा सरदाराच्या दारात दोन माणसांची, बिनछताची एक स्पोर्ट्स कार पाहिली होती आणि ती त्यांच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. गाड्यांच्या भागांचा आपला कारखाना मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हाती दिल्यावर त्यांनी मागच्या शेडमध्ये ती घडवायला घेतली. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, भंगारातल्या जीपची, इंजिन एका जुन्या व्हॅनचं, वर फायबरचं लांबनाक्या आकाराचं अंग. चाकांवर आरशासारखी चकचकीत गोल झाकणं. पुढची काच इतकी बुटकी की वारा थेट तोंडावर यावा. घरात कुणी काही सुचवलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, “ओरिजिनलला तसं नव्हतं.”

मी पाठीमागे लोखंडी कमान लावायला सांगितली. गाडी उलटली तर डोकी वाचतील म्हटलं. ओरिजिनलला कमान नव्हती. मग पट्टे तरी लावा म्हटलं. ओरिजिनलला पट्टेही नव्हते. त्यांचं म्हणणं असं की पट्टा छताच्या गाडीला, उघड्या गाडीत माणूस मोकळाच बरा. गाडी पालथी झाली तर बांधलेला माणूस तिच्याखाली चेपतो, मोकळा माणूस बाहेर फेकला जातो आणि वाचतो. स्वतः ते तरुणपणी जंगलाच्या ठेकेदाराच्या जीपमधून असेच फेकले जाऊन वाचले होते, हे उद्यमनगरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं अर्धं खरं होतं, हे मलाही कळत होतं. बिनकमानीच्या गाडीत पट्टा लावून उलटणं काही चांगलं नव्हे. पण गाड्या उलटतात त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा त्या कशावर तरी आदळतात, हे मात्र त्यांच्या गळी उतरेना.

शेवटी त्यांना माझी गरज पडली. पणजीत जुन्या आणि जुन्यासारख्या बनवलेल्या गाड्यांचा मेळावा होता. मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. नवरा, रणधीर, आधीच पुढं गेलेला. गाडी न्यायची तर मीच न्यायची. तेव्हा मी अट घातली आणि पट्टे बसले. त्यांच्या कड्या फायबरला नकोत, चासीलाच हव्यात, म्हणून वेल्डिंग होईपर्यंत मी शेडमध्ये ठाण मांडून बसले होते. कमानीचं मात्र काही जमलं नाही.

आता पट्टे होते, पण लावायचे कुणी? दोन्ही बाजू हट्टाला पेटलेल्या बघून आत्याबाईंनी मध्ये हात घातला. “अहो, लावा की. पोरगी न्हेतीया न्हवं तुम्हाला एवढ्या लांब.” आणि त्यांनी पूजेचं तबक पुन्हा उचललं. बॉनेट, स्टिअरिंग, आरसा, जे जे नवीन दिसेल त्याला हळदकुंकू आणि अक्षता चालल्या होत्या. पट्ट्याचं टोक अडकवायचे सीटच्या मधले खटकेही त्यातून वाचले नाहीत.

“बरं बाई,” मामंजी म्हणाले. त्यांनी खांद्यावरून पट्टा ओढला, शालीखाली काहीतरी खटपट केली आणि माझ्याकडे बघितलं. “झालं? निघू आता?”

नारळ फुटला. मी गाडी गिअरमध्ये घातली.

राधानगरीपर्यंतचा रस्ता म्हणजे मामंजींची मिरवणूकच होती. उसाच्या ट्रॅक्टरवरची माणसं वळून वळून बघत होती. एका चहाच्या टपरीवर कुणीतरी गाडी कुठल्या देशाची म्हणून विचारलं, तर मामंजी गंभीरपणे म्हणाले, “उद्यमनगर.” मला हसू आवरेना. सकाळचं भांडण मागं पडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग बनवलेला हा माणूस आज पहिल्यांदा स्वतःच्या गाडीतून चालला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही बरं वाटत होतं. दाजीपूरचं जंगल लागलं, हवा गार झाली. त्यांनी शाल आणखी वर ओढून घेतली.

फोंडा घाट उतरायला लागलो आणि थोड्याच वेळात मला वास आला. जळक्या रबरासारखा, तिखट. मी ब्रेक दाबला. पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. पुन्हा दाबला, आणखी खोल. तिसऱ्यांदा ते थेट तळाला टेकलं आणि तिथंच राहिलं.

कारण पुढं कळलं. त्या देखण्या झाकणांमुळे ब्रेकच्या ड्रमना वाराच लागत नव्हता. उताराला ते तापले आणि ब्रेकचं तेल उकळलं. तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं की पायाखाली काही नाही.

मी भराभर पेडल मारून पाहिलं. हँडब्रेक ओढला, त्यातून धूर आला, पकड आली नाही. मग दुसरा गिअर घातला. इंजिन किंचाळलं, वेग थोडा तुटला. पण त्या गिअरबॉक्सची एक खोड होती. उताराला दुसरा गिअर सुटायचा. म्हणून मी डाव्या हातानं दांडा दाबून धरला आणि उजव्या एका हातानं वळणं घेऊ लागले. दांडा तळहाताखाली थरथरत होता.

मामंजींना सांगायला लागलं नाही. आयुष्य यंत्रांत गेलेलं. “तेल उकळलं,” ते हळूच म्हणाले.

खालच्या वळणावर झाडांतून एक ट्रक दिसला. ओंडके लादलेला, मागं बाहेर आलेल्या टोकांना लाल फडकं बांधलेलं. आमच्याच दिशेनं मुंगीच्या पावलानं उतरत होता. त्याला ओलांडावं तर वळणामुळे समोरून काय येतंय ते दिसत नव्हतं, आणि उजवीकडे दरी होती. डावीकडे डोंगर आणि त्याच्या पायाशी गटार. घाटात ब्रेक गेले तर दरीकडे नाही, डोंगराकडे जायचं, हे मी क्लासमध्ये फळ्यावर चित्र काढून शिकवायची. चाकं गटारात घालायची, गाडीचं अंग डोंगराला घासू द्यायचं. गाडी मोडते, माणूस राहतो.

“मामंजी, गाडी डावीकडं गटारात घालतो मी,” मी म्हटलं. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. “दणका बसंल. पट्ट्याला पाठ लावून ताठ बसा.”

त्यांचे हात शालीखालीच राहिले. मी पुन्हा सांगितलं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “लावलेला न्हाई मी.”

त्यांनी शाल बाजूला केली. पट्टा खांद्यावरून नुसता आडवा घेतलेला होता, पोलिसाला दाखवायला लोक घेतात तसा. त्याचं लोखंडी टोक त्यांनी मांडीखाली दाबून ठेवलं होतं. कोल्हापूरपासून इथवर मी सासऱ्याला सुखरूप बांधून आणतेय, असं समजत आले होते.

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. गटारात घातली तर मी अडकून राहीन. ते राहणार नाहीत. त्या बुटक्या काचेवरून ते डोक्यावर पुढं जातील. गटारात नाही घातली तर ट्रक. आणि ट्रक प्रत्येक वळणाला जवळ येत होता.

“तू घाल गटारात,” ते शांतपणे म्हणाले. “माझं सोड. मी उडालो तर वाचतो. मागं वाचलोय.”

“तिथं झुडपं आसतील. हितं कातळ हाय. लावा पट्टा.”

“बांधून घेऊन मरायचं न्हाई मला.”

“मग मी गटारात घालत न्हाई,” मी म्हटलं. “ट्रकखाली जाऊ दोघं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खरंच तसं केलं असतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्यांना ते खरं वाटलं असावं. त्यांनी मांडीखालून लोखंडी टोक काढलं आणि सीटच्या मधल्या खटक्यात घातलं.

आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग तळहातानं ठोकलं.

“जात न्हाई आत.”

मी एक क्षण खाली पाहिलं. खटक्याच्या फटीत लाल-पिवळे तांदूळ दिसत होते. माझा पट्टा मी पूजेआधीच लावला होता, त्यामुळे त्यावर नुसतंच कुंकू बसलं. मामंजींचा खटका तोंड वर करून उघडा होता. आत्याबाईंनी मनोभावे चिमूट सोडली होती, ती थेट आत गेली होती.

“अक्षता हाईत आत,” मी म्हटलं. “काढा. टोकदार काय हाय का तुमच्याकडं?”

त्यांनी खिसे चाचपले. काही नव्हतं. आणि मग मला आठवलं. माझ्या डाव्या हातातल्या बांगडीला सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या, पदराला वेळेला लागतात म्हणून सगळ्याच बायका ठेवतात तशा. पण तो हात गिअरच्या दांड्यावर होता आणि तो मला उचलता येत नव्हता.

“बांगडीची पिन घ्या.”

मामंजी थबकले. लग्न होऊन मला कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांच्या बोटाचा स्पर्श मला कधी झाला नव्हता. मी समोरून आले तर ते बोळात बाजूला होऊन उभे राहायचे. पाण्याचा तांब्यासुद्धा मी खाली ठेवायची आणि मग ते उचलायचे. आता त्यांनी माझं मनगट धरलं. हात सुताराच्या शिकंज्यासारखा घट्ट.

“हात हलवू नगोस,” ते म्हणाले. तो कारखान्यातला आवाज होता.

वळण आलं. मी एका हातानं स्टिअरिंग ओढलं, मागचं चाक खडीवर सरकलं आणि परत रस्त्यावर आलं. पिन सुटली. ते खटक्यावर वाकले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना जवळचं धड दिसत नव्हतं, म्हणून ते बोटांनीच चाचपत होते. मी वर बघत होते आणि मधूनमधून विचारत होते, झालं का. एक दाणा निघाला असावा, कारण त्यांनी टोक घालून पाहिलं. बसलं नाही. पुन्हा पिन आत गेली.

पुढचं वळण घेतलं आणि ट्रक सरळ समोर आला. लाल फडकं हलताना दिसत होतं. मी हॉर्न दाबून धरला. ट्रकवाल्याला वाटलं असेल, कुणी शहाणा पुढं जायला बघतोय. त्यानं हात बाहेर काढून थांबायची खूण केली.

“मामंजी.”

“थांब.”

“आता जागा न्हाई, मामंजी.”

खट्ट, असा बारीक आवाज आला.

“बसला,” ते म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी सीटची कड धरली.

मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं.

डावी चाकं गटारात पडली आणि गाडीचं सगळं अंग एकदम खाली गेलं. मग फायबर फाटायचा आवाज, दगड, माती, लांब नाकाचे तुकडे उडताना दिसले. गाडी डोंगराला घासत गेली, कशावर तरी थडकली आणि थांबली. उजव्या खांद्यात काहीतरी मोडलं, ते मला ऐकू आलं.

इंजिन बंद पडलं होतं. पक्षी ओरडत होते. गाडी डाव्या कुशीवर कलली होती. मामंजी खाली, डोंगराच्या बाजूला, आणि मी त्यांच्या वर पट्ट्यात लटकलेली. ते हलले. खोकले. जिवंत होते. मला रडू आलं, आणि त्याच वेळी पेट्रोलचा वास आला.

टाकी मागं होती. थेंब पडताना ऐकू येत होते. मी डाव्या हातानं माझा खटका दाबला. तो सुटेना. सगळं वजन पट्ट्यावर आलं होतं आणि खटका ताणात अडकला होता. मी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. पुढची काच निखळून पडली होती. मामंजींना तिथून बाहेर सरकता आलं असतं.

“तुमचा सोडा आणि पुढनं बाहेर पडा,” मी म्हटलं. “पेट्रोल गळतंय. बाहेरून कुणाला तरी बोलवा.”

“न्हाई.”

“मामंजी, जावा तुम्ही.”

“मी हाय,” ते म्हणाले. “मी हाय हितं. कुठं जात न्हाई.”

त्यांचा आवाज मला ओळखू येईना. ते माझ्याशी बोलत होते की आणखी कुणाशी, हेही कळेना. स्वतःचा पट्टा तसाच ठेवून त्यांनी अंग वळवलं, आपला खांदा माझ्या कमरेखाली घातला आणि मला वर उचललं. ह्या वयात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. माझं वजन पट्ट्यावरून सुटलं, ताण गेला आणि त्यांनी खटका दाबला. मी त्यांच्या अंगावर पडले. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यांनी मला पुढून बाहेर ढकललं आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा पट्टा सोडला.

ट्रकवाला खाली गाडी उभी करून चढावर धावत येत होता. तो पोचेपर्यंत आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या कठड्याला टेकून बसलो होतो. गाडीनं पेट घेतला नाही. तिचं लांब नाक गटारभर पसरलं होतं, पण मामंजींनी तिकडं एकदाही पाहिलं नाही. त्यांचा फेटा सुटला होता आणि गळ्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा लाल वळ उठला होता.

“मला एक धाकटा भाऊ होता,” ते म्हणाले. “शहाजी.”

हे नाव मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. भिंतीवर त्याचा फोटो नव्हता. मामंजी रस्त्याकडे बघत, थांबत थांबत सांगत गेले. ठेकेदाराच्या त्या जीपमध्ये ते एकटे नव्हते. जंगलातल्या मुक्कामावर शहाजीला सणकून ताप भरला होता आणि ते त्याला दवाखान्यात नेत होते. जीपला दारं नव्हती. तापात तो सारखा सीटवरून घसरत होता. पडेल म्हणून मामंजींनी आपला फेटा काढला आणि त्याला सीटला बांधला. वाटेत कड ढासळली आणि जीप खाली ओढ्यात गेली.

“मी उडालो. करवंदीच्या जाळीत पडलो, वरच्या अंगाला. मांडी मोडलेली, हलता येईना. लोक म्हणाले, नशीब.” त्यांनी सुटलेल्या फेट्याचं टोक मुठीत धरलं. “तो खाली गाडीत. पाण्यात. शुद्धीवर होता. ‘दादा, गाठ सोड,’ म्हणत होता. सारखं तेवढंच. मी निरगाठ मारलेली, सूनबाई, त्याला कशी सुटंल? आणि मी मोकळा होतो. पार मोकळा, आणि लांब.”

इतकी वर्षं आम्ही सगळे हसत होतो, म्हातारा ‘फेकला गेलो’ अशी फुशारकी मारतो म्हणून. पट्ट्याची त्यांना भीती होती ती स्वतःच्या जिवासाठी नव्हती, ती त्या निरगाठीची होती. मला त्यांची इतकी दया आली की खांद्याचं दुखणं विसरले.

ट्रकवाल्यानं मला पाणी पाजलं. फोंड्याला दवाखाना आहे, म्हणाला, चला. दोघांनी मला केबिनमध्ये चढवलं. मी मध्ये बसले, मामंजी दाराशी. केबिनमध्ये पट्टे नव्हते. मामंजींनी आपला हात माझ्यापुढून आडवा घातला आणि समोरची लोखंडी दांडी मुठीत पकडली.

ट्रक हळूहळू उतरू लागला. ओंडके कुरकुरत होते. वळणं संपली, भातखाचरं दिसायला लागली, आणि ट्रकवाल्यानं वळून पाहिलं.

“आजोबा, घाट संपलो,” तो मालवणीत म्हणाला. “आता सपाट रस्तो आसा. काढा हात, दुखतलो.”

“आसू दे,” मामंजी म्हणाले, आणि दवाखान्याच्या दारापर्यंत त्यांनी तो काढला नाही.